रायभानचा गुडघा

रायभान खाली बसत नाही, हे आधी सत्यशीलाच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. मी त्याला ग्रंथालयात आलेल्या नव्या पुस्तकांबद्दल सांगत होतो आणि तो हो हो म्हणत होता. माझं बोलणं कुणी ऐकून घेतलं की मला दुसरं काही दिसत नाही.

तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"अहो, पोरगा आल्यापासून उभाच आहे. चहासुद्धा उभ्यानं घेतला."

"एवढा उंच माणूस. आपल्या खुर्च्या पुरत नसतील त्याला."

"गेल्या वर्षी पुरत होत्या," सत्यशीला म्हणाली, आणि भाकरी उलटायला वळली.

तो पंच्याऐंशी-शहाऐंशीचा हिवाळा असावा. वर्षाबद्दल मी पैजेवर बोलणार नाही. मी परभणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रायभान आमचा विद्यार्थी. पालमच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप लहानपणीच गेलेला, मामानं वाढवलेला. कॉलेजात आला तेव्हाच त्याचं डोकं पुस्तकांच्या कपाटांच्या वर निघायचं. वरच्या फळीवरची पुस्तकं मी त्याच्याकडूनच काढून घेत असे. मग कुणीतरी त्याच्या हातात बास्केटबॉल दिला. चार वर्षांत तो राज्याच्या संघात गेला, आणि रेल्वेनं त्याला खेळाडू म्हणून सिकंदराबादला नोकरीवर घेतलं. आमच्या जिल्ह्यातल्या कुणाला खेळण्याचा पगार मिळतो, हे लोकांना खरं वाटत नसे. त्याच्या आईला तर अजूनही वाटत नव्हतं.

आता रेल्वेचा संघ आमच्याच कॉलेजच्या मैदानावर निमंत्रितांची स्पर्धा खेळायला आला होता. संघ वसतिगृहात उतरला होता. रविवारी पुण्याच्या संघाशी अंतिम सामना होता, आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी रायभान आमच्याकडे जेवायला आला होता.

मी त्याला परसदारी घेऊन गेलो. काय विचारायचं ते मला सुचेना. शेवटी म्हणालो, "बस की रे या दगडावर."

त्यानं दगडाकडं बघितलं. मग माझ्याकडं. तो एकदम लहान झाल्यासारखा वाटला.

"सर, कुणाला सांगनार न्हाई ना?"

"नाही."

"गुडघा. उजवा. पळताना काय न्हाई. उभं ऱ्हायलं तरी काय न्हाई. बसून उठलं की आतून धरतो. थोडी पावलं लंगडीच जात्यात, मंग सुटतो. दिवाळीपासून लय वाढलंय."

"अरे मग डॉक्टरला..."

"रेल्वेच्या डाक्टरकडं गेलं की साहेबाला कळतंय. माझी नोकरी कच्ची हाय सर. दोन वरसं कच्ची, जूनमधी पक्की व्हनार. त्याच्या आत खेळाडू नालायक ठरला तर घरी." "आमच्यात एक गुंटूरचा व्हता. सकाळी माझ्याबरोबर पळला. दुपारी त्याचा गुडघा दाखवला डाक्टरला. पंधरवड्यात त्याची खाट रिकामी. कुनी नाव बी काढत न्हाई त्याचं आता."

"मग तू काय करतोस?"

"बसत न्हाई," रायभान म्हणाला. "रेल्वेत उभा, जेवताना उभा. पोरं मला खंबा म्हनत्यात. हसत्यात. हसू द्या. पयल्या पाचांत खेळतो तवर बाकावर बसायची पाळी येत न्हाई. बाकाचंच भ्या वाटतंय."

मी विचारलं, असाच खेळत राहिलास तर गुडघ्याचं काय होईल. तो म्हणाला, ते त्याला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. आतून दारावर कुणी सतत थापा मारत असावं आणि आपण दार धरून उभं असावं, तसं वाटतं म्हणाला. हे त्याचे शब्द नसतील. त्याच्या तोंडावरून मला असं वाटलं.

तेवढ्यात दारात आवाज आला.

"सर हायती का घरात? आमी पालमहून यायलाव!"

त्याची आई म्हाळसाबाई आणि मामा ग्यानबा. ते रविवारी सकाळी येणार होते. पण विद्यापीठाच्या नावावरून शनिवारी बंद पुकारलेला होता. त्या वर्षांत असा बंद आला की तो एका दिवसात संपेल याचा भरवसा नसे, आणि सगळ्यात आधी एसटी बंद होई. म्हणून ते शुक्रवारच्या शेवटच्या गाडीनंच निघून आले होते. ग्यानबाच्या खांद्यावर घोंगडं, हातात काठी. म्हाळसाबाईच्या फडक्यात तिळाचे लाडू.

"माय, तुमी आज?" रायभानचा आवाज फुटला.

"आज म्हंजी? आल्याचं वाईट वाटायलंय का?" म्हाळसाबाईनं त्याच्या दंडावर हात फिरवला. त्याच्या तोंडापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. "वाळलाय नुस्ता. रेल्वेवाले कोळसाच खाऊ घालत्यात जनू."

सत्यशीलानं पानं वाढली. आमच्याकडं जमिनीवरच पंगत बसते. रायभान दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"मला भूक न्हाई."

"आईच्या म्होरं भूक न्हाई म्हनतोय," म्हाळसाबाई म्हणाली. "बस. मी तुला बसून जेवताना वरीस झालं बघितलं न्हाई."

तो बसला. एक पाय लांब करून, माझ्याकडं न बघता. भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं त्यानं गिळलं. जेवला म्हणता येणार नाही. सगळे उठले तरी तो बसून होता. आईनं त्याचं ताट उचललं, तरी बसून. हात ताटातच धुतले. मग बाहेर पोलिसांच्या गाडीवरून काहीतरी पुकारत गेले, सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या, आणि त्यानं ती संधी घेतली. भिंतीला हात देऊन उठला, आणि दाराकडं निघाला.

ग्यानबाची मान खिडकीकडं वळलेली नव्हती.

"राया," तो म्हणाला. "माघारी ये."

"हात धुवायलो मामा."

"धुतल्यात. माघारी ये म्हनलं."

पुढचं सगळं आमच्या बाहेरच्या खोलीत झालं. ग्यानबानं त्याला उभं करून, स्वतः खाली बसून गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. डोळे मिटून. म्हाळसाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"डाग द्यावा लागंल," ग्यानबा म्हणाला. "चुलीत सळई हाय का, वैनी?"

सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं. रायभान भिंतीला चिकटला.

"डाग न्हाई मामा! डाग दिसतोय. आखूड चड्डीत खेळावं लागतंय."

"मंग साहेबाला सांग."

"सांगितलं तर हाकलतंय साहेब!"

"काहून हाकलंल? मेंढरू लंगडलं म्हून धनी हाकलतोय व्हय? उपचार करतोय." ग्यानबा माझ्याकडं वळला. त्याला मी शहाणा वाटत असे, ही त्याची चूक. "सर, आमच्या धंद्यात कसं हाय, बगा. बाजारात इकायला नेलं तर गिऱ्हाइकानं खोड हुडकायची, आपुन सांगायची न्हाई. त्याचं डोळं त्याच्यापाशी. पर एकदा का गिऱ्हाइकानं चार मानसांच्या म्होरं जनावराच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढला, की सौदा झाला. मंग मातर आपुन बसून समदी खोड सांगायची. कुटला पाय, कुटला दात, काय खाऊ घातलं की हागतंय. मुकं जनावर हाय, त्याला सांगता येत न्हाई. आपुन न्हाई सांगितलं तर पाप आपल्याला. आमच्या बापानं तेच केलं, आमी बी तेच करतो."

"पन माझा सौदा झाला न्हाई मामा!" रायभान जवळजवळ ओरडला. मग त्यालाच त्या शब्दाची लाज वाटली असावी. आवाज उतरला. "जूनमधी व्हनार. अजून कच्चं हाय."

ग्यानबा थांबला. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. पगार चालू आहे, पोरगा रेल्वेच्या कपड्यात येतो, म्हणजे झालं, असं तो धरून चालला होता.

"अजून कच्चं?"

"व्हय."

"मंग बोलायचं न्हाई," ग्यानबा चटकन म्हणाला. "मंग अवाक्षर बोलायचं न्हाई. म्हाळसे, तू बी. सर, तुमी बी."

मी मान हलवली. मला त्या वेळी बरं वाटलं, हे खरं आहे. पण त्या बरं वाटण्याच्या खाली भीती तशीच होती, नळाखालच्या ओलीसारखी.

रायभान रात्री आमच्याकडंच राहिला. शनिवारी गाव बंद होतं. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कुठंतरी टायर जळाल्याचा वास. सत्यशीलानं दाराला आतून कडी घातली होती. ग्यानबानं ती काढायला लावली. बाजाराच्या दिवशी लंगडं जनावर पहाटेपासून चालवत ठेवायचं, सांधा गार पडू द्यायचा नाही, ही त्याची रीत. रिकाम्या गल्लीत तो भाच्याला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिला. पुढं काठीवाला बुटका म्हातारा, मागं ताडासारखा पोरगा. शेजारच्या खिडक्या किलकिल्या झाल्या. एरवी कुणी हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात पोलिसांची जीप गल्लीत शिरली.

"ए, काय फिरायलाव रे? बंद कळत न्हाई का?"

"पाय मोकळा करायलाव, साहेब."

"काठी कशाला?"

"आमची काठी हाय. जन्मापासून हाय."

शिपाई खाली उतरला. मग त्यानं मान वर करून रायभानकडं बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अरे, हा तर रेल्वेचा बॉलवाला! उद्या जिंकायचं बरं का. आणि घरात बसा आता."

घरात बसा! रायभान उसनं हसला. जीप गेल्यावर त्याच्या कपाळावर घाम होता, हिवाळ्यात.

रविवारी एसटी सुरू झाली. दुपारी चारपर्यंत मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं. लोक कंपाउंडच्या भिंतीवर, झाडांवर, मांडवाच्या बांबूंवर. गावात दोन दिवस दबलेला आवाज सगळा तिथंच निघत होता, आणि पोलीसही बरेच होते.

मी गुणलेखकाच्या टेबलावर होतो. हे काम माझ्याकडं कसं आलं ते सांगायला हवं. खेळाचं मला काही कळत नाही. नियमांची पुस्तिका ग्रंथालयात आली, ती मी वाचली. कॉलेजात ती वाचलेला मी एकटा निघालो, आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून मला बसवलं. कुणी टोपली केली ते लिहायचं, बदली खेळाडू आधी टेबलाशी येऊन नंबर सांगतो तो टिपायचा, चेंडू थांबला की कॉलेजची पितळी घंटा वाजवायची, मग तो आत जातो. टेबलाला लागूनच रेल्वेचा बाक होता.

म्हाळसाबाई आणि ग्यानबा पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले होते. रायभान संघाबरोबर मैदानावर आला तेव्हा म्हाळसाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला.

"अगं माय, एवढ्या मानसांत एवढी आखूड चड्डी! रेल्वेला कापड मिळंना का?"

आसपासचे हसले. रायभान हसला नाही. दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या चढवून तो पायांवर झुलत होता, थांबत नव्हता.

सामना सुरू होण्याआधी स्पर्धेच्या समितीनं जिल्ह्याच्या सुपुत्राचा सत्कार ठेवला होता. हार, नारळ, आणि समितीनं शिवून घेतलेला तांबडा कोट. अध्यक्षांनी कोट रेल्वेच्या प्रशिक्षकांच्या हातात दिला, की तुमच्या हस्ते घाला. प्रशिक्षक नरसिंगराव, सिकंदराबादचे, करड्या केसांचे, मोजकं बोलणारे. त्यांनी तो कोट रायभानच्या पाठीवर चढवला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. टाळ्या पडल्या. नरसिंगरावांनी कोटावरून तळहात फिरवला.

मी त्या वेळी सतरंजीकडं बघायला हवं होतं की नको, मला ठरवता येत नाही. बघितलं असतं तरी काही उमगलं असतं असं नाही.

मग नरसिंगरावांनी पहिल्या पाच जणांची नावं मला दिली. त्यांत रायभान नव्हता.

"अकरा नंबर?" मी विचारलं.

"उसको सेकंड हाफ में डालता," ते म्हणाले. "पूनावाले उसीच की तैयारी करके आए. बैठने दो उनको सोचते."

रायभाननं ते ऐकलं. तो बाकाच्या मागं जाऊन उभा राहिला. खेळ सुरू झाला. तो कधी या पायावर, कधी त्या पायावर. थोड्या वेळानं पंच धावता धावता थांबला आणि त्यानं हातानं खूण केली. बदली खेळाडूंनी बाकावर बसायचं असतं. पुस्तिकेत तसा नियम आहे.

"ए खंबा, बैठ रे," शेजारचा खेळाडू त्याला ओढत म्हणाला. "एक दिन तो बैठ. जमीन नहीं फटती."

रायभान बसला. माझ्यापासून हातभर अंतरावर. उजवा पाय तो खालच्या खाली हलवत होता, टाच उचलत, टेकत. बाक थरथरत होता आणि माझ्या टेबलावरची शाईची दौत त्याबरोबर. मी लिहीत होतो. अर्ध्या वेळेपर्यंत रेल्वे थोडी मागं होती.

मध्यंतराची शिट्टी झाली. खेळाडू पाणी प्यायला सावलीत गेले. रायभान बाकावरच बसून राहिला. उठला असता तर सगळ्यांसमोर चालावं लागलं असतं. आणि मी मान वर केली तर ग्यानबा मैदानाच्या पांढऱ्या रेषेवरून सरळ आमच्याकडं चालत येत होता. त्यानं चपला काढून हातात घेतल्या होत्या.

"मामा, न्हाई," रायभान पुटपुटला. "मामा, जा माघारी."

ग्यानबा नरसिंगरावांसमोर उभा राहिला. त्यानं रामराम केला, आणि तो दखनीत बोलायला लागला. त्याला ती येते हे मला माहीत नव्हतं. निजामाच्या अमलात वाढलेला माणूस, तिकडच्या खाटकांशी आयुष्यभर व्यवहार केलेला, येणारच.

"सलाम साब. मैं इसका मामू. आप बड़े आदमी. चार लोगों के सामने आपने इसके पीठ पे हात फेरे, अब ये आपका हुआ. तो मेरे को बोलना पड़ता. इसका सीधा घुटना पकड़ता साब. बैठ के उठा तो. दीवाली से है. आप इसको गरम रखना, बैठने नक्को देना, तेल से सेकना. दिल का अच्छा है. मार खाता नै, प्यार से बोले तो सब करता."

नरसिंगराव ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. त्यांनी एकदा बाकाकडं बघितलं. रायभाननं मान खाली घातली होती. मानेच्या मागं घाम दिसत होता.

"चाचा," ते म्हणाले, "ये मेरा नै हुआ अभी. कच्चा है. जून में पक्का होता, मैं अच्छा लिखा तो."

ग्यानबाच्या हातातल्या चपला खाली आल्या.

"कच्चा? और वो लाल कोट?"

"वो तो कमिटी का. मेरे हात में दिए, मैं पहना दिया."

ग्यानबानं भाच्याकडं बघितलं, पण रायभान वर बघेना. मग म्हातारा वळला. जाताना रेषेवरून गेला नाही, मधूनच गेला, आणि पंचानं त्याला हटकलं ते त्याला ऐकूही आलं नाही. सतरंजीवर बसल्यावर म्हाळसाबाईनं काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं असावं, कारण तिनं दोन्ही हात डोक्याला लावले.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. नरसिंगरावांनी रायभानला बोलावलं नाही, विचारलंही नाही. ते उभे राहून खेळ बघत होते, पाठ बाकाकडं. रेल्वे मागं पडत गेली. लोकांना काय माहीत! आधी भिंतीवरून, मग सगळीकडून आवाज यायला लागला. "रायभान! रायभान! रायभानला घ्या!" डबे वाजायला लागले. एक दगड मैदानात पडला, लहानसा, पण पोलीस पुढं सरकले. दोन दिवसांपासून ताणलेलं गाव होतं, आणि मला वाटलं की आता एवढंसंच निमित्त पुरेल.

नरसिंगराव वळले. बाकासमोर उकिडवे बसले.

"खेलता?"

रायभाननं त्यांच्याकडं बघितलं.

"खेलता तो जा. मैं देखता. नै खेलता तो बोल."

हे विचारणं होतं की परीक्षा, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. नाही म्हटलं तर गुडघा कबूल. हो म्हटलं तर आताच्या आता उठून चालायचं.

"खेलता," रायभान म्हणाला.

तो उठला. बाकापासून माझ्या टेबलापर्यंत अंतर ते कितीसं. पहिलं पाऊल पडलं आणि त्याचा खांदा एकीकडं कलला. दुसरं तसंच. लोकांना तो झोकात चालतोय असं वाटलं, आणि आरोळी उठली. तो टेबलाला हात टेकून उभा राहिला. तळहाताचा ओला ठसा माझ्या कागदावर उमटला.

"अकरा, सर," तो म्हणाला.

मी अकरा लिहिलं. आता चेंडू थांबला की घंटा. पण चेंडू थांबेना. या टोकाला, त्या टोकाला, पुन्हा या टोकाला. त्याचा श्वास मला माझ्या कानात ऐकू येत होता.

"सुटंल आता," तो स्वतःशीच म्हणाला. "चाललं की सुटंल. सर, न्हाई सुटलं तर?"

मी चेंडूकडं बघत राहिलो.

तेवढ्यात सतरंजीवर ग्यानबा उभा राहिला. दोन्ही हात वर करून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, नरसिंगरावांना.

"साब! मैं झूट बोला साब! उसका पाँव अच्छा है! मैं बुड्ढा, मेरे को समझता नै! मैं झूट बोला!"

लोक हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारं सकाळीच टाकून आलंय!" आणखी हशा पिकला. "बसा हो धनगरबाबा, बसा!" ग्यानबा बसला नाही. "भगवान की कसम, झूट बोला!" असं ओरडत राहिला, आणि म्हाळसाबाई त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढत होती आणि रडत होती.

रायभान तिकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पुस्तकात कधी वाचायला मिळालं नाही, म्हणून मला लिहिताही येत नाही.

शिट्टी झाली. चेंडू थांबला. मी घंटेची दोरी धरली.

"थांबा सर," तो म्हणाला. "वाजवू नका."

"रायभान, वेळ जाईल."

"माझं नाव काटा."

आणि तो वळला. लंगडत, आता लपवायचं काही न करता, नरसिंगरावांपर्यंत गेला. आरोळी मधेच विरली. लोकांना पाय दिसला.

"साब, मेरा मामू झूट नै बोलता," तो म्हणाला. "कभी नै बोला. आज मेरे वास्ते बोलरा. पैले बोला वो सच्ची था. घुटना गया साब मेरा. मैं छुपाया."

नरसिंगरावांनी त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं. गुडघ्यावरची पट्टी खाली सरकवली. मी तो गुडघा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. तो दुसऱ्या गुडघ्याच्या दीडपट दिसत होता.

"कित्ते दिन खड़ा रहा तू?" नरसिंगराव म्हणाले. उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. मला म्हणाले, "मास्टर, बर्फ मिलता इधर?"

फाटकाबाहेर सोड्याची गाडी होती. एका शिपायानं पोत्यात गुंडाळून बर्फ आणून दिला. नरसिंगराव जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते पोतं त्या गुडघ्यावर दाबून धरलं. त्यांची पाठ मैदानाकडं होती. मागं पुण्याच्या संघानं आणखी एक टोपली केली, आणि मी ती लिहिली, कारण ते माझं काम होतं.

"साब," रायभान म्हणाला. "मेरी नौकरी?"

नरसिंगरावांनी पोतं दुसऱ्या बाजूनं फिरवलं.

"हिल मत," ते म्हणाले.

म्हाळसाबाई टेबलाशी येऊन उभी राहिली होती. पोलिसानं तिला अडवलं नव्हतं. तिनं माझ्या बाहीला हात लावला, आणि अगदी हळू, लेकाला ऐकू जाऊ नये असं विचारलं,

"सर, काय म्हनला साहेब?"

"अजून काही म्हणाले नाहीत," मी म्हणालो.